गिळलेली अक्षरं

सोपान: त्या खुर्चीवर नगं, तिचा पाय मोडका हाय. हिकडं बाजंवर बसा. माया येईलच आता. शनवारची सकाळची शाळा, अकराला सुटती. नाव काय म्हणाला तुमी?

वीरधवल: वीरधवल. मूळचा इस्लामपूरचा, सध्या पुण्याला असतो. आधी शाळेतच गेलो होतो. मायाताई वर्गावर होत्या. तिथल्या शिपायानं घर सांगितलं.

सोपान: थांबा. वीरधवल म्हंजे 'उच्चार'वालं सर?

वीरधवल: हो. तुम्हाला कसं ठाऊक?

सोपान: मला न्हाई तर कुणाला? सकाळी मशीन लावलं की पयलं वाक्य तेच. 'उच्चार. मराठी वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम. वीरधवल आणि सहकारी.' माझं डोळं काचबिंदूनं खाल्लं, धा वर्सं झाली. मोबाइल बी जमत न्हाई. बर्फातल्या ड्यूटीत बोटांची टोकं मेली, काचंवर बोट कुटं पडलं ते समजत न्हाई. कीबोर्डचं बटन तेवढं कळतं. मग पेपर म्हणा, मेसेज म्हणा, समदं ते मशीनच वाचून दावतं. तुमच्या जिवावर चाललंय माझं.

वीरधवल: असं म्हणू नका, काका.

सोपान: का म्हणू नगं? आन त्या सहकाऱ्यांत आमची माया हाय. साऱ्या औंधात सांगितलंय मी. यमाईच्या पायऱ्यांवर अर्जुना नारळ इकतो, त्याला बी ठावं हाय, सोपान हवालदाराच्या पोरीनं बोलतं मशीन दुरुस्त केलं म्हणून.

वीरधवल: तुम्हाला त्यांनी तसं सांगितलं?

सोपान: मार्चात पंधरा रोज शाळेतनं आली की आतल्या खोलीत बसायची. जेवाय हाक मारली तर तासानं यायची. मग एक दिस म्हणाली, आबा, चूक गावली, दुरुस्त करून पाठवली. दोन-तीन रोजानं मीच इचारलं, घेतली का गं त्यांनी? तर म्हणाली, घेतली.

वीरधवल: घेतली म्हणाल्या.

सोपान: व्हय. का, न्हाई घेतली?

वीरधवल: घेतली, काका. पण घ्यायची एक रीत असते. मी त्याचंच बोलायला आलोय. त्या आल्या की दोघांसमोर सांगतो.

सोपान: सांगा की. घाई कुणाला हाय. पाणी घ्या, तांब्या तुमच्या उजव्या हाताला असंल. खरं सांगू का, तुमास्नी भेटायचं मनात लय दिस व्हतं. मशीनचं न्हवं, दुसरंच इचारायचं व्हतं. पोरीसमोर इचारता येत न्हाई.

वीरधवल: विचारा.

सोपान: म्हाताऱ्या माणसाचं कान आधी जोडाक्षरावर जातात का?

वीरधवल: म्हणजे?

सोपान: जानेवारीपासनं मला शब्द अर्धं यायला लागलं. 'विद्यार्थी' म्हणायच्या जागी 'वियाथी' ऐकू यायचं. 'रक्त' म्हणायच्या जागी 'रत'. माणसाचं बोलणं कळायचं, पर माणूस समोर बसून जोरात बोलतो. मशीनचं तसं न्हाई. मला वाटलं, तोफखान्यात दोन वर्सं काढली हुती, कानाचं आज ना उद्या व्हणारच. पर बोललो न्हाई कुणाला. डोळं गेलं तवा पोरीनं साताऱ्याची चांगली नोकरी सोडून हितं शाळा धरली. आता कान बी गेलं म्हणलं असतं तर घरीच बसली असती.

वीरधवल: काका, ते कान...

सोपान: ऐका तर. माझा एक दोस्त व्हता, हंबीरराव, कडेगावचा. बर्फात आमी दोघं एका दोराला बांधलेलं. एकदा माझ्या पायाखालचं बर्फ गेलं. त्यानं दोर धरून ठिवला, तासभर. हाताची साल निघाली त्याच्या. रिटायर झाल्यावर बी म्हयन्याला एकदा भेट ठरल्याली. तर फेब्रुवारीत त्याच्या पोराचा, साईराजचा, मेसेज आला. माया निवडणुकीच्या ट्रेनिंगला साताऱ्याला, चार रोज. मी मशीन लावलं. मशीन म्हणालं, 'आपा अयवथ आहेत. भेटून जावं.'

वीरधवल: अयवथ.

सोपान: मी तीनदा ऐकलं. मला वाटलं गावाचं नाव असंल. तिकडं कर्नाटकाच्या अंगाला असली नावं असत्यात. म्हणलं, गडी लेकीकडं गेला असंल अयवथला, बोलावतोय. माया आली की जाऊ दोघं, निवांत. चवथ्या दिवशी माया आली, तिनं मेसेज वाचला. 'आप्पा अत्यवस्थ आहेत.' तवर माती झाली हुती.

वीरधवल: हे मला माहीत नव्हतं.

सोपान: तुमास्नी कसं माहीत असंल? माया म्हणती, आबा, मशीन चुकलं. पर पोरगी हाय. बापाला बरं वाटावं म्हणून म्हणायचीच. मी रोज राती कानात कोमट तेल घालाय लागलो. मार्चात सुधारलं जरा. आता येतंय नीट. पर आणिक जाईल का, एवढंच इचारायचं व्हतं.

वीरधवल: तेलानं नाही सुधारलं ते.

सोपान: काय म्हणाला?

माया: आबा, दारात गाडी कुणाची? पुण्याचा नंबर आहे.

सोपान: आली बघा. माये, वळख कोण आलंय. तुझं 'उच्चार'वालं सर.

माया: नमस्कार.

वीरधवल: नमस्कार. मी तीन मेल केल्या होत्या.

माया: वाचल्या. सर घाईत असतील, आबा. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून येते.

सोपान: कुटली घाई? आत्ता टेकल्यात. च्या ठेव.

माया: सर, बाहेर बोलू आपण.

वीरधवल: मायाताई, बाहेर बोलायचं असतं तर शाळेच्या गेटवरच थांबलो असतो. काकांनी मला आत्ता हंबीररावांचं सांगितलं. तुम्ही तुमच्या तक्रारीत हे लिहिलं नव्हतंत.

माया: लिहिलं होतं. 'आमच्या घरी एक शब्द चुकीचा वाचला गेला आणि त्याचा परिणाम वाईट झाला.' एवढंच इंग्रजीत जमलं. त्या वाक्यावरच तुम्ही हसला होता.

सोपान: कोण हसलं?

माया: काही नाही, आबा.

वीरधवल: मी हसलो, काका. सांगतो. मार्चमध्ये मायाताईंनी आम्हाला लिहिलं, की जुन्या मशीनवर 'उच्चार' बांधला की जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गिळतो. चूक कुठं आहे ते दाखवलं, चार ओळींची दुरुस्ती पाठवली. मी ती नीट वाचलीसुद्धा नाही. मी 'उच्चार'च्या वेबसाइटवर, सगळ्यांदेखत लिहिलं...

माया: 'हे यंत्र संग्रहालयात ठेवा. आधी इंग्रजी शिका, मग आवृत्ती वाढवा, मग या.' अकरा जणांनी खाली हसरे चेहरे टाकले.

वीरधवल: पाठ आहे तुम्हाला.

माया: दुसऱ्या दिवशी मी माझं तिथलं खातं काढून टाकलं. पाठ कशाला करायला लागतंय ते.

सोपान: माये, तू तर म्हणाली हुतीस, घेतलं.

माया: हो, म्हणाले.

सोपान: का?

माया: तुम्ही आधीच अर्जुनाला सांगून आला होता, आबा. वाचनालयात सांगितलं होतं, पोस्टमनला सांगितलं होतं. मी काय सांगू? माझी आवृत्ती जुनी, माझं इंग्रजी जुनं, म्हणून हाकललं? मला लाज वाटली. ती त्या अकरा लोकांची वाटली की तुमची, ते मला अजून कळलेलं नाही.

वीरधवल: अजून आहे. राहिलेलं जास्त वाईट आहे.

माया: मला माहीत आहे, सर. जूनमध्ये नवी आवृत्ती आली, ती मी उतरवून बघितली. त्यात माझ्याच चार ओळी होत्या. मध्ये मी चुकून एकाऐवजी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. ती जागासुद्धा तशीच होती.

वीरधवल: मग तुम्ही बोलला का नाहीत?

माया: कुठं बोलू? माझी मूळ तक्रार शोधली तर ती तिथं नव्हतीच.

सोपान: मला कायबी समजंना. सावकाश सांगा कुणीतरी. चूक हुती कशात?

माया: माणूस प्रोग्रॅम लिहितो तेव्हा ती नुसती लिहिलेली पानं असतात, आबा. त्याचं चालणारं काहीतरी बांधून द्यायला एक हत्यार लागतं, बिल्ड टूल म्हणतात त्याला. त्याला यादी द्यायची: ही फाइल घे, ती जोड. त्या टूलच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहतात. जानेवारीत नवा 'उच्चार' आला, त्याच्या यादीत सरांनी सगळ्यात वर लिहिलं होतं, जुनी आवृत्ती असली तरी चालेल. आणि खाली जोडाक्षरांची फाइल जोडताना जो हुकूम लिहिला, तो फक्त नव्या आवृत्तीला कळणारा होता. आपलं घरचं मशीन आणि शाळेतली बारा मशीनं, सगळी जुनी. तयार प्रोग्रॅम त्यावर चालत नाही, नवं टूल बसत नाही. मला तो जुन्या टूलनंच बांधायला लागतो.

सोपान: हुकूम कळला न्हाई तर त्यानं बोंब मारायला पायजे.

माया: नाही मारली. ती ओळ सोडून पुढं गेलं. शेवटी 'काम पूर्ण' म्हणून सांगितलं.

सोपान: आता समजलं. नवा रंगरूट असाच असतो. हुकूम डोक्यावरनं जातो, पर 'जी साब' म्हणून सलाम ठोकतो. मग पहाऱ्याच्या जागी कुणीच नसतं, आन आपल्याला वाटतं हाय. रंगरुटाचा दोष न्हाई त्यो. हुकूम देणाऱ्यानं बघायचं असतं, समोर कोण हुबा हाय.

वीरधवल: हो. ते माझं काम होतं. माझ्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती, तिथं सगळं नीट वाचत होतं. मी दुसरीकडं कुठं बांधून बघितलंच नाही.

सोपान: मग जूनमंदी कसं कळलं?

वीरधवल: मिरजेहून एका बाईंचा फोन आला. त्या अंध मुलांना शिकवतात, त्यांच्याकडंही जुनी मशीनं. मुलांना सराव परीक्षेचे प्रश्न अर्धेच ऐकू आले होते. फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा मायाताईंची तक्रार आठवली. उघडली. दुरुस्ती तिथंच पडली होती, तीन महिने. मी ती उचलली.

सोपान: आन नाव?

वीरधवल: नाव माझं घातलं.

माया: ते का, एवढंच मला कधी कळलं नाही. चार ओळींनी तुमचं काय वाढणार होतं?

वीरधवल: चार ओळींसाठी नाही केलं. तुमचं नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, या कोण. शोधलं असतं. तुमची तक्रार सापडली असती, आणि खाली माझं उत्तर. मला ते कुणी वाचायला नको होतं. म्हणून तक्रारच पुसली. एक बटण दाबायचं होतं, आणि मी ते दाबताना मागं वळून बघितलं, खोलीत कुणी आहे का. एकटाच राहतो मी.

सोपान: हूं.

वीरधवल: ऑगस्टमध्ये पुण्यात एका संस्थेनं सत्कार केला. शाल दिली. एकानं विचारलं, चूक कशी सापडली? मी सांगितलं, दोन रात्री जागून. सहज तोंडातून गेलं. टाळ्या पडल्या. मग गेल्या महिन्यात मिरजेच्या मुलांनी एक पत्र पाठवलं, 'उच्चार'च्याच आवाजात वाचून घेतलेलं. सगळी जोडाक्षरं स्पष्ट. मी ते पहिल्या 'धन्यवाद'पाशी बंद केलं. पुन्हा लावलेलं नाही.



सोपान: म्हंजे माझं कान?

माया: ठणठणीत आहेत, आबा. मार्चात मी आपल्या मशीनला ती दुरुस्ती घातली, म्हणून नीट यायला लागलं. मी फेब्रुवारीपासून सांगतेय.

सोपान: तू सांगत हुतीस गं. मला खरं वाटत न्हवतं.

माया: आणि तुम्ही जानेवारीपासून अर्धं ऐकत होता, ते मला का नाही सांगितलं? मार्चात चूक सापडेपर्यंत मला वाटत होतं, तो एकच मेसेज बिघडला. दोन महिने तुम्ही रोज ते तुटकं ऐकत बसला होता?

सोपान: बसलो हुतो.

माया: आबा.

सोपान: तू घरी बसली असतीस. सोड ते. माये, मी साईराजला काय सांगितलं ठावं हाय का? मातीनंतर त्याचा फोन आला. म्हणाला, नाना, आप्पा तुमचं नाव घेत हुतं, मी मेसेज टाकला हुता, आला का न्हाईसा? मला म्हणवंना, ऐकू आलं न्हाई. मी म्हणालो, इसरलो.

माया: विसरलो म्हणालात?

सोपान: ज्यानं तासभर दोर धरला त्याला मी इसरलो. पोरानं फोन ठिवला. त्यावर आजतागायत बोललेला न्हाई. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटली, तर ही असली लाज पदरात घेतली.

वीरधवल: काका, मी तुम्हाला कडेगावला घेऊन जातो. आजच. तुम्ही काही बोलू नका, साईराजला मी सांगतो. चूक माझ्या यादीतली होती.

सोपान: तुमी काय सांगणार त्याला? बिल्ड टूल, आवृत्ती? त्याचा बाप गेलाय.

वीरधवल: ते नाही सांगणार. तुम्हाला शब्द पोचला नाही आणि तो माझ्यामुळं पोचला नाही, एवढंच.

सोपान: त्यो शिव्या देईल.

वीरधवल: देऊ दे.

सोपान: अंगावर बी यील. बापासारखाच तापट हाय.

वीरधवल: येऊ दे, काका.

माया: सर, आबांना कडेगावला न्यायचं ते न्या. पण माझ्याकडून तेवढ्यात फिटलं असं धरू नका.

वीरधवल: नाही धरत. मी तुमचं नाव त्या चार ओळींवर घालायला आलोय. तुमची परवानगी हवी होती.

माया: नुसतं नाव नको. नाव घालाल, लोक म्हणतील, वीरधवल किती मोठ्या मनाचा, आठवणीनं श्रेय दिलं. आणखी एक शाल मिळेल तुम्हाला.

वीरधवल: मग काय करू?

माया: माझी तक्रार होती तशी परत लावता येते का?

वीरधवल: पुसलेली परत येत नाही. पण मेलमध्ये तिची प्रत आहे. माझ्या उत्तरासकट.

माया: उत्तरासकट लावा.

वीरधवल: लावतो.

माया: आणि यादीचं काय? जूनमध्ये तुम्ही माझ्या ओळी घेतल्या, पण पुढच्या वेळी दुसरी कुठली ओळ जुन्या टूलनं सोडली तर? परत कुणाच्या तरी घरी कळायचं?

वीरधवल: मी विचार केलाय. इथून पुढं प्रत्येक बदल जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर बांधून बघायचा. बांधून झाल्यावर प्रोग्रॅमनं स्वतः दहा शब्द वाचून दाखवायचे, ते चुकले तर काम तिथंच थांबवायचं. आणि टूल फारच जुनं असेल तर स्पष्ट सांगायचं, इथं चालणार नाही. गप्प पुढं जायचं नाही.

माया: शब्द कोण निवडणार?

वीरधवल: तुम्ही सांगाल ते.

माया: मी तुमच्यात परत येईन की नाही, ते मी आज सांगत नाही.

वीरधवल: नका सांगू.

माया: शब्द मात्र देईन. पहिला 'अत्यवस्थ' घाला.

सोपान: माये, त्यांना मशीनपाशी ने. जे लिहायचं ते हितं बसून लिहा. पुण्याला जाऊन लिहितो म्हणणारी माणसं मी लय बघितल्यात.

वीरधवल: लिहितो. इथंच. इंग्रजीत लिहिलं तर सगळ्यांना...

माया: मराठीत लिहा. मराठी वाचणाराच प्रोग्रॅम आहे तो. आणि हंबीररावकाकांचं त्यात घालू नका. ते आमच्या घरातलं आहे.

वीरधवल: बरं. हा कीबोर्ड जरा अडतोय.

माया: 'र' जोरात दाबायला लागतो.

सोपान: च्या ठिवलास का गं?

माया: उकळतोय. सर, साखर चालते ना?

वीरधवल: चालते. झालं लिहून. मशीनला वाचायला लावू का, काका?

सोपान: मशीन नगं. तुमच्या तोंडानं वाचा.

वीरधवल: 'या वर्षी मार्च महिन्यात औंधच्या शिक्षिका माया सोपान यांनी आम्हाला एक चूक दाखवली आणि तिची दुरुस्तीही पाठवली. ती चूक माझी होती. मी त्यांचा अपमान केला, नंतर त्यांचं काम माझ्या नावानं छापलं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्यांचं पत्र पुसलं. ते पत्र आणि त्याला मी दिलेलं उत्तर खाली जसंच्या तसं देत आहे...'

सोपान: थांबलासा का? म्होरं वाचा.